सोमीचं स्थळ

फेब्रुवारी ४

अक्षरवर्गाच्या बाई म्हणाल्या, आजी, रोज चार ओळी लिहीत जा, नाहीतर शिकलेलं सगळं विसराल. वही तपासणार नाही असं त्यांनी कबूल केलं आहे, म्हणून लिहिते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लिहायला शिकले. अक्षराला कुणाला नावं ठेवायची असतील तर ठेवू देत.

आज सकाळी मुनसिक म्हणाला, सोमीचं पुढचं वेतही मागच्यासारखं झालं तर कुत्र्यांचं हे सगळं बंद करून मोक्पो शहरात परत जातो. मुनसिक माझा मुलगा. बावन्न वर्षांचा. बाप गेल्यावर दोन वर्षांनी जहाजाच्या कारखान्यातली नोकरी सोडून इथे आला, बापाची कुत्री सांभाळतो म्हणाला. बायको आणि पोरगी तिकडेच आहेत. मी म्हटलं, जा, कुणी धरून ठेवलंय. मग शेतात जाऊन कांद्याची पात उपटली. दोन ओळी उपटायच्या होत्या, पाच उपटल्या. कंबर गेली.

मागच्या वेतात चार पिल्लं होती. एक मेलेलंच आलं. एक तिसऱ्या दिवशी गेलं. एकाचा खालचा जबडा पुढे. चौथ्याचं एकच अंड खाली उतरलं. बाई वाचणार नाहीत, तेव्हा लिहायला काय हरकत. सहा महिन्यांनी जातीची सरकारी तपासणी होते, त्यात दोघंही नापास. बेटाची जात शुद्ध राहावी म्हणून नापास कुत्रं इथे नुसतं तसं ठेवता येत नाही. बेटाबाहेरचा एक माणूस गाडीत घालून घेऊन गेला. मुनसिक गाडी वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभा होता. नंतर भात गार करून खाल्ला.

फेब्रुवारी ९

सोमी माजावर आली.

मुनसिक म्हणाला, "या वेळी बेक्हो लावतो."

मी म्हटलं, "बेक्हो तिचा बाप आहे."

"बापच आहे, आई. म्हणून तर. तो आठ वर्षांचा झाला. असे कान, अशी शेपटी अख्ख्या बेटावर नाही. त्याचं रक्त दाट करून घ्यायचं तर आत्ताच. बाबांनीही हेच केलं."

"दाट करायला रक्त म्हणजे कढण आहे काय? मागच्या वेताला कोण लावला होतास?"

"बेक्होचा भाऊ."

"म्हणजे काका. काकाने जबडा पुढे आणला, आता बापाकडून काय आणतोस?"

मी त्याला छोन, म्हणजे नात्याच्या पायऱ्या, मोजून दाखवल्या. बाप आणि लेक, एक छोन. भावंडं, दोन. काका-पुतणी, तीन. चुलत, आते, मामे, मावस सगळे चार. गावात कुणाचं कुणाशी किती छोनाचं नातं, ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. माझ्या तरुणपणी एका कुळाच्या पोरापोरींनी लग्न केलं तर त्यांना गाव सोडावं लागायचं, मग दोघांमध्ये वीस छोन असले तरी. आणि इथे बापलेक.

"कुत्र्यांना छोन नसतात," मुनसिक म्हणाला.

"कुत्र्याला मोजता येत नाही, म्हणून माणसाने मोजायचं."

गुरांच्या डॉक्टरनेही त्याला हेच सांगितलं होतं. पण डॉक्टर तिशीतला, तो याला पोर वाटतो. आणि मी अडाणी. खरं सांगायचं तर चूक आमच्या म्हाताऱ्याची, याच्या बापाची. त्याचा नियम होता, नर कुणालाही द्या, मादी घराबाहेर जाता कामा नये. मादी बाहेर गेली की घराणं गेलं म्हणायचा. त्यामुळे आमच्या कुत्र्यांची वंशावळ वर चढत नाही, घाण्यासारखी जागच्या जागी फिरते.

शेवटी मी म्हटलं, मला पाच दिवस दे. आपल्या घराशी एका छोनाचंही नातं नाही असं स्थळ मी आणते. तो म्हणाला, आण. हसत म्हणाला. मला ते हसणं आवडलं नाही.

फेब्रुवारी १२

बसने तीन गावं पालथी घातली. एका ठिकाणी नर चांगला, पण त्याचा बाप आमच्या म्हाताऱ्याने दिलेला. दुसऱ्या ठिकाणीही तेच. आमचा म्हातारा गावोगाव नर वाटत फिरला आहे. तिसऱ्या ठिकाणी मालक नर दाखवण्याआधी त्याला मिळालेले चषक दाखवायला लागला. मी चहा न घेता निघाले.

फेब्रुवारी १४

मिळालं. बेटाच्या पार पश्चिमेला यांग म्हणून म्हातारा आहे. त्याचा जांगगुन. पाच वर्षांचा, छाती रुंद, दात एकावर एक नीट बसणारे. मी तोंडात बोट घालून पाहिलं. चावला नाही, पण आवडलंही नाही. मला असेच आवडतात.

यांग म्हणाला, "सापोवाली बाई, मुलीकडचे लोक नवऱ्याचे दात बघतात हे आजच पाहिलं."

सापो माझं माहेर. या बेटावर बाईला तिच्या माहेरच्या गावानेच हाक मारतात. माझं खरं नाव जमरे आहे, ते आता फक्त अक्षरवर्गाच्या हजेरीत आहे.

मी म्हटलं, "तुमचे बघायला सांगितले असते तर आले नसते."

त्याला उरलेत किती. पण हसला मनमोकळं.

यांगने दिलेले जांगगुनच्या वंशावळीचे कागद मुनसिकने वाचले. आईकडचे आजे-पणजे सगळे डोंगरापलीकडच्या देगोक गावचे, बापाकडचे त्याच्याही पलीकडचे. नातं शून्य. मुनसिक मान हलवून म्हणाला, "आई, तू स्थळं जमवायचा धंदा काढायला हवा होतास." जेवताना दोनदा भात घेतला त्याने.

फेब्रुवारी १९

झालं. सोमीला गाडीतून नेलं, मुलगी सासरी न्यावी तसं. वीस मिनिटं दोघं पाठीला पाठ लावून अडकून उभी. वरून बर्फाचा भुगा पडत होता. मी सोमीवर छत्री धरली. यांग म्हणाला, जावयावरही धरा. मी म्हटलं, जावयाचं काम झालं.

मार्च ३

यांग आला होता. नराच्या मालकाला वेतातलं एक पिल्लू पहिलं निवडायचा हक्क असतो, त्याचं बोलायला. येताना लाल दारूची बाटली आणली. मुनसिक आणि तो ओट्यावर बसले, मी मुळा चिरत होते.

दुसऱ्या पेल्याला यांग म्हणाला, "सापोवाली, तुम्हाला सांगायचं राहिलं. याची आई तुमच्याच गावची. ग्वाक म्हणून एक म्हातारा होता, पाय ओढत चालायचा. त्याची कुत्री. तिचं पिल्लू मी स्वतः जाऊन आणलं."

मुनसिक मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्हणजे आमच्या मामाचीच की. आई, ऐकलंस का? मामाची ती पांढरी. मामाने ती देगोकहून आणली असणार, कागदावर देगोकचीच आहे."

मी म्हटलं, कढण उतू जातंय. आणि आत गेले. कढण चुलीवर ठेवलंच नव्हतं.

मार्च ४

हे लिहायला नको, पण कुणाला सांगायचीही सोय नाही.

आठ वर्षांपूर्वी दादाला, म्हणजे यांग म्हणाला त्या ग्वाकला, झटका आला. डावं अंग गेलं. पायरीवर बसायचा आणि दिवसभर समुद्राकडे बघायचा, परसाकडेसुद्धा वहिनी धरून न्यायची. त्याच सुमारास आमच्याकडे बेक्हो जन्मला ते वेत झालं होतं, पाच पिल्लांचं. मला वाटलं, घरात कुत्रं असलं की माणसाला उठावं लागतं. म्हाताऱ्याला विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असता. म्हणून एक मादी पिल्लू टोपलीत पालेभाजीखाली घालून सापोला नेलं. म्हाताऱ्याला सांगितलं मेली, मागे पुरली. दादाला बजावलं, नोंद करताना आईबाप कुणाचेही लाव, आमच्या घरचे लावू नकोस.

पुढच्या सणाला गेले तर दादा काठी टेकत अंगणात चालत होता आणि कुत्री त्याच्या मागे. मी जन्मात एकच चोरी केली, तीही फळाला आली असं मला वाटायचं. पिल्लाच्या नाकावर गुलाबी ठिपका होता तो गेलेला दिसला. दादा म्हणाला, मोठेपणी नाक काळं होतं. होतंच म्हणा. त्यानंतर पाच वर्षं जगला. तीन वर्षांपूर्वी गेला.

म्हणजे कागद खोटा आहे, आणि ते जगात फक्त मला माहीत आहे. आज ताटात उडदाचे दाणे मांडून बघितलं. सोमीचा बाप बेक्हो. बेक्होची सख्खी बहीण मी चोरलेली. तिचा मुलगा जांगगुन. मी आणलेलं स्थळ सोमीच्या सख्ख्या आतेभावाचं निघालं. चार छोन. आणि सोमीची आईही बेक्होच्याच रक्ताची, म्हणजे खरं तर चारपेक्षाही जवळ. तीनदा मोजलं. दाणे तेवढेच.

मुनसिकला सांगितलं तर तो काही बोलणार नाही. नुसता हसेल आणि सामान बांधेल.

मार्च १७

सोमीने दोन दिवस खाल्लं नाही. मुनसिक म्हणतो चांगली खूण आहे, पोटुशी आहे. मी मान हलवली. मला काय काय दिसतंय ते त्याला दिसत नाही. मला जबडेच दिसतात.

मार्च २१

डॉक्टरने यंत्र लावून पाहिलं. निदान चार तरी आहेत म्हणाला. मुनसिकने त्याला कांद्याची एक आख्खी मोळी दिली. मी विचारलं, आतमध्ये दात दिसतात काय? डॉक्टर म्हणाला, नाही आजी. एवढं यंत्र घेऊन उपयोग काय.

मार्च २९

कदाचित माझी मोजणी चुकली असेल, वेत दुसरं असेल, म्हणून म्हाताऱ्याच्या वह्या काढल्या. सात आहेत. त्याच्या हयातीत दर वर्षी उन्हात घातल्या, झटकल्या, परत ठेवल्या, पण आत काय आहे ते कधी कळलं नाही. आज पहिल्यांदा वाचल्या. म्हाताऱ्याचं अक्षर वाकडंतिकडं आहे. माझं बरं आहे.

बेक्होचं वेत सापडलं. लिहिलंय:

"पिल्लं पाच. नर दोन, मादी तीन. एक मादी सापोला गेली. बायको म्हणते मेली, पुरली. दाखवलेल्या जागी माती उकरलेलीच नव्हती. विचारायचं नाही."

तीनदा वाचलं. मी सावकाश वाचते.

म्हणजे माझी मोजणी चुकली नव्हती, तेच वेत. पण हा माणूस. भाजीत मीठ कमी पडलं तर शेजारी ऐकू जाईल असा ओरडायचा, आणि घरातून मादी गेली तर वहीत एक ओळ. मरेपर्यंत तीन वर्षं होती, एकदाही बोलला नाही. उलट सणाला मी सापोला निघाले की वाळक्या माशांची डोकी बांधून हातात द्यायचा. तुझ्या भावाला आवडतात म्हणायचा. दादाला डोकी कधी आवडली? त्याच्या घरी ती कुत्रीच खायची. म्हाताऱ्याला माणसांच्या आवडीनिवडी कधीच कळल्या नाहीत.

वह्या परत ठेवल्या. डोळ्यांत धूळ गेली.

एप्रिल ८

दादाचं वर्षश्राद्ध. सकाळीच सापोला गेले, वहिनीला तळणाला मदत करायला. वहिनी चौऱ्याऐंशीची आहे, पण माझ्याआधी चूल पेटवून बसली होती. पिठात बुडवलेले माशाचे तुकडे मी तव्यावर सोडत होते, ती उलटत होती.

मी विचारलं, "वहिनी, मी दिलेल्या कुत्रीची पिल्लं दादाने कुणाकुणाला दिली?"

"तुम्ही दिलेल्या कुत्रीला पिल्लं कुठली? ती दहाव्या दिवशी मेली."

माझ्या हातातला तुकडा पिठाच्या भांड्यात पडला.

"रक्ताची हगवण लागली," वहिनी म्हणाली. "वन्सं, तव्याकडे बघा, माझ्याकडे काय बघता?"

"मग पाच वर्षं या अंगणात होती ती कोण?"

"ती देगोकची."

"देगोकची?"

"तुमचा भाऊ म्हणाला, तिने नवऱ्याच्या घरातून चोरून आणलं माझ्यासाठी, आता मेलं म्हणून कोणत्या तोंडाने सांगू. मी म्हटलं, सांगू नका, मीच सांगते. तर काठी घेतली आणि उठला. झटक्यानंतर पहिल्यांदा आपला आपण उठला. कुठे निघालात विचारलं, तर म्हणे पांढरं पिल्लू बघायला. दोन डोंगर आहेत मध्ये, वन्सं. सकाळी गेला तो दिवेलागणीला आला. पायाचं पार भजं झालं होतं. पिल्लू सदऱ्याच्या आत."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"कधी सांगणार? तुम्ही सणाला यायचात, फाटकातूनच ओरडायचात, बघ दादा, माझ्या कुत्रीने तुला उठवलं की नाही. मग तो गप्प बसायचा."

"आणि तुम्ही?"

"मला कशाला विचारता. मी या घरची सून."

खोटारडा. नाक काळं होतं म्हणे. आणि कागदावर खरे आईबाप लावून मोकळा झाला. मी त्याला खोटे लावायला सांगितले होते, ते मात्र केलं नाही.

मग माझ्या लक्षात आलं. देगोक. म्हणजे जांगगुनची आई देगोकची, आणि आमच्या घराशी तिचा एका छोनाचाही संबंध नाही. कागद खरा आहे. मी हसायला लागले. वहिनी म्हणाली, वन्सं, श्राद्धाच्या घरात काय हसता. मी म्हटलं, तुमच्या नवऱ्यालाच हसते. तीन तुकडे करपले. ते आम्ही दोघींनी उभ्याउभ्या खाल्ले. गरम होते, चांगले लागले.

दादाच्या ताटात नासपती जास्तीची ठेवली. पायाचं बघायला हवं होतं त्याने.

एप्रिल ९

पाच आठवड्यांत पहिल्यांदा उन्हं वर येईपर्यंत झोपले. मुनसिक घाबरून नाकाखाली हात धरून बघत होता. मी डोळे न उघडता म्हटलं, अजून आहे.

एप्रिल २३

सोमी सकाळी आठला बसली ती दुपारी मोकळी झाली. पाच. पाचही जिवंत, पाचही ओढून पितात. एकेकाच्या तोंडात करंगळी घालून पाहिली, टाळू, जबडा, सगळं जागेवर. तीन पांढरी. दोन पिवळसर, पलीकडच्या डोंगराचा रंग घेऊन आलेली.

मला वाटलं, मुनसिक रंगावरून तोंड वाकडं करील. तो ओल्या हातांनी पिवळं पिल्लू उचलून म्हणाला, "हे बघ, हे कसं ओरडतंय. मागच्या वेतात एकही ओरडलं नव्हतं." मग मला म्हणाला, "तू का रडतेस?"

"कांदे चिरले."

"कांदे कुठे आहेत?"

फार प्रश्न विचारतो. बापावर नाही गेला.

सोमीला वाळक्या माशाचं आणि समुद्रातल्या शेवाळाचं कढण दिलं, बाळंतिणीला देतात तसं. दोन वाडगे प्यायली. फाटकाला डाव्या पिळाचा गवताचा दोर बांधला, कोळसे खोचून, म्हणजे एकवीस दिवस परकं कुणी आत यायचं नाही. मुनसिक म्हणाला, आई, हे माणसांच्या पोरांसाठी असतं. मी म्हटलं, छोन मोजले, आता दोरही लागतो.

मग त्याला सगळं सांगितलं. टोपली, पालेभाजी, उडदाचे दाणे, दादा, देगोक. तो पायरीवर बसून इतका हसला की सोमी भुंकली.

"म्हणजे मी एक छोन करायला निघालो तेव्हा तू मला फाडून खाल्लंस, आणि स्वतः चार छोनाचं पोटात घेऊन महिनाभर गप्प बसलीस?"

"पाच आठवडे. नीट मोज."

तो वही बघू म्हणाला. दिली. बापाची ती ओळ त्याने वाचली. हसायचा थांबला, आणि वही दोन्ही हातांनी परत दिली.

मे १५

दोर सोडला. यांग आला, पहिली निवड त्याची. सरळ पांढऱ्या मादीकडे हात केला. मुनसिकने माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचा नियम. मी म्हटलं, "घ्या. आता लहान आहे, दोन महिन्यांची झाली की न्या. आणि जांगगुनचे दात मी बघितले तसे तुम्हीही हिच्या नवऱ्याचे बघा."

तपासणीला अजून पाच महिने आहेत. पिवळ्यांचं काय होतं ते तेव्हा कळेल, पण त्यांचे कान आत्ताच कसे फिरतात ते बघायला हवं.

मे १९

मुनसिकने फळ्या आणल्या. कुत्र्यांच्या घराला नवीन दोन कप्पे करतोय. म्हणाला, जून संपल्यावर बायको चार दिवस येईल, तिला पिल्लं बघायची आहेत, मागची खोली साफ करायला हवी. मोक्पोला परत जाण्याचं काही बोलला नाही. मी विचारलं नाही.

संध्याकाळी म्हाताऱ्याची सातवी वही काढली. मागे बरीच पानं कोरी आहेत. म्हाताऱ्याच्या शेवटच्या ओळीखाली माझ्या अक्षरात लिहिलं. वेळ लागला, पण नीट लिहिलं:

"आई सोमी. बाप जांगगुन, यांगच्या घरचा. नातं नाही. पिल्लं पाच, सगळी जिवंत. नर दोन, मादी तीन. एक मादी यांगला. एक मादी सापोला, वहिनीकडे. मी नेणार, उघड्या टोपलीत. कुणाला विचारायचं असेल त्याने विचारावं."